गाळाचे विरजण

दसरा उलटला की आमच्या सीमाभागात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्याला लागतात, चिमण्या धूर ओकू लागतात आणि महिन्याभरात वाऱ्याबरोबर तो ओळखीचा वास येतो. गोडसर, आंबूस, नाकात ठाण मांडून बसणारा. परगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो. आपण त्याला सांगतो, "मळीचा वास आहे, होते सवय दोन दिवसांत."

या वासात माझी सव्वीस वर्षे गेली. एका कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट होतो. निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला. नोकरीत असताना ज्यांच्या जिवावर आमचे सांडपाणी थोडेफार शुद्ध होत होते, त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कामकऱ्यांचा इतिहास वाचायला मात्र सवड निवृत्तीनंतरच मिळाली. हे कामकरी म्हणजे जिवाणू. कारखान्याची घाण खाऊन पाणी निवळवण्याच्या कामावर माणसाने त्यांना कसे लावले, ही कथा सुमारे दीडशे वर्षांची आहे. तिची काही पाने मुंबई आणि बंगळूर येथे लिहिली गेली, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

घाण पाणी सोडून दिले की कालांतराने आपोआप निवळते, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. नदी वाहता वाहता शुद्ध होते, शेतात सोडलेले गटाराचे पाणी खालच्या झऱ्यात स्वच्छ होऊन निघते, हे लोक पाहत होते. पण हे कोण करते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रसायनशास्त्रज्ञांचे उत्तर ठरलेले होते : हवेतला प्राणवायू घाणीशी संयोग पावतो आणि घाण जणू मंदपणे जळून जाते. त्यात सजीवाचा काही संबंध आहे असे त्यांना वाटत नव्हते. म्हणून लंडनसारख्या शहरांत सांडपाण्यात चुना घालावा, क्षार घालावेत, साका खाली बसवावा आणि तो समुद्रात नेऊन टाकावा, असे प्रयोग चालले होते.

या समजुतीला पहिला मोठा धक्का १८७७ साली फ्रान्समध्ये बसला. श्लोझिंग आणि म्युन्त्झ या दोघा शास्त्रज्ञांनी काचेच्या एका मोठ्या नळीत भाजलेली वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून रोज थोडे थोडे गटाराचे पाणी सोडले. पाणी झिरपत खाली यायला आठवडाभर लागे. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. हे निव्वळ रसायनाचे काम असते तर वीस दिवस थांबायचे कारण नव्हते. तेव्हा त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडले. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही ते सुरू होईना. शेवटी बागेतली थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी वरून घातले, आणि काही दिवसांत नळी पुन्हा कामाला लागली. क्लोरोफॉर्मने गुंगवता येते आणि चिमूटभर मातीने पुन्हा सुरू करता येते, असे हे काम करणारे कोणीतरी सजीवच असले पाहिजे, हे सिद्ध झाले.

त्यानंतर विचाराची दिशाच फिरली. लंडनच्या सांडपाण्यावर काम करणारे रसायनज्ञ विल्यम डिबडिन १८८७ च्या सुमारास उघडपणे मांडू लागले की सांडपाण्यातले जंतू मारण्यासाठी औषधे ओतणे हे उलटे काम आहे. त्या जंतूंना पोसायला हवे. दगडांच्या थरांवर सांडपाणी सोडून त्या दगडांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढू द्यायचा, ही पद्धत त्यातून रुजली. दुसरीकडे, हवा न लागू देता बंद टाकीत घाण कुजवण्याचा मार्गही निघाला. इंग्लंडमधील एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ साली अशी टाकी बांधली आणि तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. आज आपल्या घराच्या परसात तेच नाव नांदते आहे. या टाकीतून निघणारा वायू जळतो, हेही तेथे ध्यानात आले.

आणि येथे मुंबई येते. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यासाठी अशाच टाक्या होत्या. त्यांतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवल्याची नोंद १८९७ सालची आहे. गोबर गॅस हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, समाजाने गावाबाहेर काढलेल्या माणसांच्या वस्तीत, समाजाने तोंड फिरवलेल्या पदार्थापासून शक्ती निर्माण झाली होती. त्या टाकीत काम करणारे जिवाणू आणि पुढे आमच्या डिस्टिलरीत काम करणारे जिवाणू एकाच कुळातले.

आतापर्यंत सांगितले ते माणसाच्या वस्तीच्या घाणीबद्दल. कारखान्याच्या पाण्याची गोष्ट निराळी होती. त्यात विषे असतात, आणि विषात जिवाणू कसे जगणार? या प्रश्नाचे उत्तर मँचेस्टरमध्ये मिळाले. गिरण्या, रंगशाळा आणि कोळशाच्या गॅसचे कारखाने यांनी भरलेले ते शहर. गॅसच्या कारखान्यांतून येणाऱ्या पाण्यात फिनॉल, म्हणजे कार्बोलिक आम्ल असे. शस्त्रक्रियेत जंतू मारण्यासाठी जोसेफ लिस्टर यांनी जे औषध प्रसिद्ध केले, तेच हे. गिल्बर्ट फाउलर, एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या तिघांनी १९१० च्या सुमारास दाखवून दिले की काही जिवाणू फिनॉलवर चक्क गुजराण करतात आणि त्याचा नायनाट करतात. जंतुनाशक म्हणून बाटलीत भरलेले औषधच कोणा जंतूचे अन्न ठरावे, ही गोष्ट मला आजही चकित करते. पुढे कोळशाच्या भट्ट्यांचे, तेलशुद्धी कारखान्यांचे, औषधांच्या कारखान्यांचे पाणी जिवाणूंच्या हवाली करण्याचे जे धाडस माणसाने केले, त्याचा पाया असल्या प्रयोगांत आहे.

याच तिघांच्या हातून पुढचा शोध लागला. फाउलर १९१२ साली अमेरिकेत गेले असता मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स येथील प्रयोगकेंद्रात त्यांनी बाटल्यांतल्या सांडपाण्यात हवा फुंकण्याचे प्रयोग पाहिले. परत आल्यावर त्यांनी आर्डर्न आणि लॉकेट यांना मँचेस्टरच्या डेव्हीहल्म केंद्रात तसे प्रयोग करायला सुचवले. सुमारे सव्वादोन लिटरच्या बाटल्या घेतल्या. शेवाळ वाढू नये म्हणून उजेड अडवायला त्यांना तपकिरी कागद गुंडाळला. आत सांडपाणी भरून त्यात हवा खेळवत ठेवली. पाणी पुरते शुद्ध व्हायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे म्हणजे व्यवहारात निरुपयोगी. एवढे पाणी साठवायचे तर शहराएवढेच तळे हवे.

पण त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचे निवळलेले पाणी ओतून टाकले आणि तळाशी बसलेला तपकिरी गाळ तसाच राहू दिला. त्यावर नवे सांडपाणी भरले आणि पुन्हा हवा सोडली. या वेळी कमी दिवस लागले. पुन्हा तेच, आणखी कमी. गाळ वाढत गेला, वेळ घटत गेला आणि अखेर चोवीस तासांच्या आत पाणी शुद्ध होऊ लागले.  जो गाळ घाण समजून फेकून द्यावासा वाटावा, तेच कामकऱ्यांचे गाव होते.

माझी आई रोज रात्री दुधाला विरजण लावी आणि सकाळी दही वाढण्यापूर्वी न चुकता चमचाभर बाजूला काढून ठेवी. "सगळं वाढलं तर उद्या काय लावू?" असे म्हणे. आर्डर्न आणि लॉकेट यांनी जे केले ते याहून निराळे नव्हते. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये रसायन उद्योगाच्या परिषदेसमोर त्यांनी आपला निबंध वाचला आणि त्या गाळाला 'ॲक्टिव्हेटेड स्लज', म्हणजे सक्रिय गाळ असे नाव दिले. आज जगातल्या मोठ्या शहरांचे आणि असंख्य कारखान्यांचे पाणी याच रीतीने शुद्ध होते. हवेची टाकी, तिच्यापुढे निवळण्याची टाकी आणि निवळलेल्या गाळाचा एक भाग पुन्हा पहिल्या टाकीत परत. बाकी सगळी यंत्रसामग्री या परत येणाऱ्या विरजणासाठी.

शोधाभोवती पैसाही लगेच गोळा झाला. जोन्स अँड ॲटवूड या इंग्रज कंपनीने या पद्धतीची पेटंटे घेतली आणि पुढे अमेरिकेत त्यावरून मोठे खटले झाले. मिलवॉकी शहराविरुद्धचा खटला तर इतका ताणला की पेटंटधारकांनी शहराचे केंद्र बंद करण्याची मागणी केली. वरिष्ठ न्यायालयाने पेटंटाचा हक्क मान्य केला, पण केंद्र बंद केले तर सारी घाण मिशिगन सरोवरात जाईल आणि लोकांच्या आरोग्याला धोका पोहोचेल, म्हणून ते बंद करू दिले नाही. हक्क आणि पाणी यांत पाणी वरचढ ठरल्याचा हा निवाडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पेटंटाच्या या भांडणांपासून दूर, १९१६ साली फाउलर बंगळूरला आले. जमशेटजी टाटांच्या स्वप्नातून १९०९ साली उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत ते प्राध्यापक झाले. शोध लागून दोन वर्षे होतात न होतात तोच त्याची विद्या आपल्या देशात, बेळगावहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर, येऊन पोहोचली होती. आणि ती नुसती शिकवली गेली नाही. याच संस्थेतील एस. सी. पिल्लई आणि व्ही. सुब्रह्मण्यन् यांनी १९४२ आणि १९४४ साली 'नेचर' या नियतकालिकात लिहून दाखवून दिले की सक्रिय गाळात जिवाणूंबरोबर जे एकपेशीय प्राणी असतात, देठावर घंटेसारखे डोलणारे, ते काही फुकटचे पाहुणे नव्हेत. पाणी निवळण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मुख्य काम जिवाणूंचे की या प्राण्यांचे, यावर पुढे वाद झाला. इंग्लंडमध्ये १९६८ साली झालेल्या प्रयोगांत दिसले की जिवाणू घाण खातात हे खरे, पण सुटे तरंगणारे जिवाणू खाऊन पाणी नितळ करण्याचे काम हे प्राणी करतात. ते नसले तर पाणी गढूळच राहते. आमच्या प्रयोगशाळेत नव्या मुलाला मी प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली हीच घंटेची झाडे दाखवीत असे. ती डोलत असली की टाकी ठीक. ती दिसेनाशी झाली की काहीतरी बिघडले.

आता आमच्या मळीकडे वळतो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना मागे आठ ते पंधरा लिटर तपकिरी-काळे, आम्लयुक्त, कढत पाणी उरते. त्याला आम्ही 'स्पेंटवॉश' म्हणतो. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू ओढतील, यावरून घाणीची तीव्रता मोजतात. ती मोजणी म्हणजे बी.ओ.डी. घरगुती सांडपाण्याची बी.ओ.डी. लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असते. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा तीस. स्पेंटवॉशची मात्र चाळीस-पन्नास हजार! असे पाणी नदीत गेले की नदीतले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यातला सगळा प्राणवायू संपवतात. मासे विषाने मरतात असे लोकांना वाटते. बहुतेक वेळा ते गुदमरून मरतात. जो जिवाणू टाकीत आपला चाकर, तोच नदीत माशांचा काळ होतो. फरक इतकाच की त्याला जेवायला आपण कुठे बसवले.

इतक्या तीव्र घाणीला हवा पुरवत बसायचे तर विजेच्या बिलाखाली कारखाना बुडेल. म्हणून येथे माटुंग्याची रीत उपयोगी पडली : हवेविना, बंद टाकीत. जिवाणूंची एक टोळी घाणीचे आम्ल करते, दुसरी त्या आम्लाचा मिथेन वायू करते. तो वायू बॉयलरखाली जाळता येतो. अडचण अशी की मिथेन करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. या अडचणीवर हॉलंडच्या वागेनिंगेन येथील गात्से लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात तोड काढली. साखर कारखान्याच्याच सांडपाण्यावरील त्यांच्या प्रयोगात हे जिवाणू एकमेकांना चिकटून मोहरीसारखे दाणे बनतात आणि तळाशी जड होऊन राहतात, असे दिसले. पाणी खालून वर जाते, दाणे जागेवर राहतात. पुन्हा तेच सूत्र, विरजण हातचे जाऊ द्यायचे नाही. लेटिंगांनी या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. गरीब देशांना ती वापरता यावी, अशी त्यांची भूमिका होती. गंगा कृती योजनेत डच साहाय्याने कानपूरच्या जाजमऊ येथे १९८९ साली असे पहिले केंद्र उभे राहिले आणि १९९४ साली चामड्याच्या कारखान्यांचे पाणी शहराच्या सांडपाण्यात मिसळून शुद्ध करणारे मोठे केंद्र झाले.

आमच्याकडेही १९८०-९० च्या दशकांत एकामागून एक डिस्टिलऱ्यांनी बंद टाक्या, म्हणजे डायजेस्टर बसवले. आमचा बसला तेव्हा टँकरने शेणकाला आणून ओतला होता. कारखान्याच्या चेअरमनांनी नारळ फोडला. तीन महिन्यांनी गॅसची पहिली निळी ज्योत पेटली तेव्हा आम्ही पेढे वाटले.

पुढची गोष्ट सांगायला जड जाते, पण ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १९९१-९२ च्या हंगामात मळी उदंड होती आणि अल्कोहोलला भाव होता. वरून हुकूम आला : डिस्टिलरी पूर्ण क्षमतेच्या वर चालवा. डायजेस्टरला झेपेल त्याच्या दीडपट स्पेंटवॉश आम्ही त्यात लोटू लागलो. डायजेस्टरवर एक जुने ऑपरेटर होते, चौथी शिकलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. चौथ्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"सायेब, ह्येचं पोट बिघडलंय. आता खायाला घालू नगा."

"मामा, कशावरून म्हणता?"

"वास बदललाय. आन् गॅस बी पडलाय."

मी नमुना घेतला. आम्लता चढली होती. आम्ल करणारी टोळी पळत सुटली होती आणि मिथेनवाली मागे राहिली होती. लोड थांबवणे, चुना देणे, शेण घालणे आणि वाट पाहणे, एवढाच उपाय. मी वर जाऊन सांगितले. उत्तर मिळाले, "हंगाम थांबत नाही." आठवड्यात डायजेस्टर आंबला. गॅसची ज्योत विझली. मग रोजचा स्पेंटवॉश कुठे गेला? रात्री ओढ्याकडचा व्हॉल्व्ह उघडला जाई, आणि ओढा नदीला मिळत होता. तिसऱ्या सकाळी खालच्या गावच्या बायका धुणे न धुताच घाटावरून परतल्या. मासे पांढरी पोटे वर करून काठाला लागले होते. डायजेस्टरच्या रजिस्टरात त्या तारखांसमोर 'नियमित चालू' असा शेरा आहे आणि त्याखाली सही माझी आहे.

डायजेस्टर पुन्हा उभा राहायला सव्वादोन महिने लागले. मामा रोज सकाळी येऊन टाकीला कान लावत. पुन्हा बुडबुडे ऐकू आले त्या दिवशी ते हसले. त्यांच्याकडे पाहून हसायची मला हिंमत झाली नाही.

कायदे त्या वेळीही होते. महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला होता, केंद्राचा १९७४ साली आला. पुढे २००३ साली डिस्टिलऱ्यांनी थेंबभरही पाणी बाहेर सोडू नये असे धोरण ठरले. स्पेंटवॉश प्रेसमडमध्ये मिसळून खत करणे किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळणे सुरू झाले. गेल्या काही वर्षांत इथेनॉलसाठी डिस्टिलऱ्या वाढल्या आहेत, मोजणी करणारी यंत्रेही आली आहेत. हे सारे चांगलेच झाले. पण मोटर, पंप, मीटर कधीही बंद करून कधीही चालू करता येतात. जिवाणूंचे तसे नाही. तपासणीसाठी साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी बटण दाबून त्यांना उठवता येत नाही. त्यांना रोज जेवण हवे, बेताचे हवे आणि सुट्टीच्या दिवशीही हवे. ज्या केंद्राकडे वर्षभर कोणी पाहत नाही, तिथे काँक्रीटच्या टाक्या उरतात, विरजण उरत नाही.

श्लोझिंग-म्युन्त्झची चिमूटभर माती, माटुंग्याची टाकी, मँचेस्टरची तपकिरी बाटली, बंगळूरची घंटेची झाडे आणि लेटिंगांचे दाणे, सगळ्यांनी एकच गोष्ट शिकवली. माझी आई ती रोज रात्री करत होती आणि मामांना ती वासावरून कळत होती. मला पदवी असून वेळेवर ठामपणे सांगता आली नाही.

यंदाही बॉयलर पेटले आहेत. वारा नदीकडून येतो तेव्हा मी अंगणात उभा राहून वास घेतो. मामा असते तर त्यांनी सांगितले असते, पोट ठीक आहे की बिघडले आहे.